भारतात जन्मलेल्या तिबेटींनी भारतीय नागरिकत्व घ्यावं का?

नवेगावकर (धागाकर्ता)

आमच्या झाडीपट्टीत, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. तिचं नाव नोर्ग्येलिंग, पण आम्ही सगळे ‘तिबेटी कॅम्प’च म्हणतो. १९७२ साली ती वसली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. बर्फातून आलेली माणसं विदर्भाच्या उन्हात बांध्या काढायला आणि धान रोवायला शिकली. हिवाळा आला की हीच माणसं लुधियानाचा माल भरून गावोगावी स्वेटर विकायला बसतात.

माझ्या वर्गात तिथला एक मुलगा होता, १९८५ चा जन्म. नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय ठरतो, आईवडील कुठलेही असोत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या पासपोर्टच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आणि २०१६ मध्ये पुन्हा सांगितलं. तरीही माझा मित्र आज चाळिशीत ‘परदेशी’ म्हणून नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी, जपून ठेवतो आणि मुदत संपली की नूतनीकरणाला जातो. सरकारी नोकरीचा फॉर्म त्याला भरता आला नाही. परदेशात जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळ्या कव्हरचं ओळखपत्र घेऊन जावं लागतं आणि विमानतळावर प्रत्येक वेळी ते काय आहे हे समजावून सांगावं लागतं.

माझं मत सरळ आहे. त्यांनी नागरिकत्व घ्यावं, आणि घेणाऱ्याला कोणी फितूर म्हणू नये. स्वित्झर्लंडने साठच्या दशकात तिबेटी निर्वासित घेतले, अमेरिकेने १९९० च्या कायद्याने हजार जणांना व्हिसा दिला. ते आज तिथले नागरिक आहेत आणि १० मार्चला, ल्हासातल्या १९५९ च्या उठावाच्या दिवशी, झेंडा घेऊन रस्त्यावरही उतरतात. त्यांना चालतं, मग इथे का नाही?

देवदार

दलाई लामा राहतात त्या धरमशाळेच्या मॅक्लोडगंजला मी दोन वर्षं तिबेटी मुलांना शिकवत होते, म्हणून विरोधात लिहिते आहे.

‘निर्वासित’ हे त्यांच्यासाठी नुसतं कागदावरचं वर्णन नाही, तोच त्यांचा दावा आहे. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटातल्या चामदोत घुसलं आणि त्यानंतर २३ मे १९५१ ला तिबेट चीनमध्ये सामील करणाऱ्या सतरा कलमी करारावर सह्या झाल्या. बीजिंग त्याला ‘शांततामय मुक्ती’ म्हणतं. मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामांनी तिथला नोर्बुलिंगका राजवाडा सोडला, ३१ मार्चला ते भारताच्या हद्दीत आले आणि तो करार दडपणाखाली झाला होता हे त्यांनी जगाला सांगितलं. तेव्हापासून भारतातला प्रत्येक आरसीधारक तिबेटी म्हणजे त्या म्हणण्याचा जिवंत साक्षीदार आहे. उद्या हे सगळे भारतीय झाले, तर चीन म्हणेल, निर्वासित उरलेतच कुठे?

झुरिक किंवा न्यूयॉर्कशी तुलनाही पटत नाही. तिथे निर्वासित सरकार नाही, मठ-विद्यापीठं नाहीत, कर्नाटकातल्या बायलाकुप्पे आणि मुंडगोडसारखी तिबेटी गावं नाहीत. मुख्यमंत्री निजलिंगप्पांच्या काळात तेव्हाच्या म्हैसूर राज्याने जमीन दिली, नेहरूंनी वेगळ्या शाळा काढून दिल्या, म्हणून भाषा टिकली. ती जमीन निर्वासितांसाठी दिलेली आहे. २०१७ मध्ये पासपोर्टचा मार्ग मोकळा झाला तेव्हा कोणत्या अटी पुढे आल्या ते आठवा: आरसी परत करा, वसाहतीत राहू नका, धरमशाळेच्या निर्वासित तिबेटी प्रशासनाकडून मिळणारे लाभ सोडा. म्हणजे पासपोर्ट हवा असेल तर घर सोडा. तुमच्या मित्राने अर्ज केला नाही तो अडाणीपणामुळे नव्हे.

नवेगावकर

तो अडाणी आहे असं मी म्हटलेलं नाही, देवदार. अटींबद्दल तुमचं बरोबर आहे. पण मग अट चुकीची, नागरिकत्व नव्हे. आपण भारतीय मतदारांनी ती अट काढायला सांगितलं पाहिजे.

आणि वसाहती आरसीमुळे टिकताहेत असं खरंच वाटतं तुम्हाला? २००९ च्या निर्वासित प्रशासनाच्या गणनेत भारतात सुमारे ९४ हजार तिबेटी होते, आज तो आकडा बराच खाली आला आहे. २००८ च्या आधी वर्षाला दोन-तीन हजार माणसं हिमालय ओलांडून नेपाळमार्गे यायची. आता पहारा इतका कडक आहे की मोजकेच पोहोचतात. येणारे थांबले आणि इथली तरुण पोरं पॅरिस-टोरांटोला चालली, कारण तिथे काही वर्षांत कागद मिळतो. आमच्या कॅम्पात कित्येक घरांत आता फक्त म्हातारी माणसं आहेत. इथेच सन्मानाचा कागद मिळाला असता तर त्यातली निम्मी तरी थांबली असती, असं मला मनापासून वाटतं.

अजून एक. १९६२ च्या युद्धाच्या वेळी भारताने तिबेटी तरुणांची स्पेशल फ्रंटियर फोर्स उभी केली. १९७१ च्या बांगलादेश युद्धात हे जवान चितगावच्या डोंगरांत लढले आणि त्यांच्यातले पन्नासच्या वर मेले. दल गुप्त, म्हणून गाजावाजा नाही. ऑगस्ट २०२० मध्ये लडाखच्या पँगाँग तलावाच्या दक्षिणेला सुरुंगाच्या स्फोटात याच दलाचे न्यिमा तेनझिन गेले. लेहमध्ये त्यांच्या शवपेटीवर तिरंगाही होता आणि तिबेटचा हिमसिंहांचा झेंडाही. मेल्यावर दोन्ही झेंडे चालतात, तर जिवंतपणी का चालू नयेत?

इतिहासवेडा

तुम्ही दोघंही दिल्लीला फार सहज सोडताय.

२९ एप्रिल १९५४ चा पंचशील करार आपण शाळेत पाठ केला. पण तो मुळात ‘चीनच्या तिबेट प्रदेशा’शी व्यापाराचा करार होता. हा शब्दप्रयोग आपण लेखी मान्य केला आणि तिबेटमधले जुने हक्क सोडून दिले. २००३ मध्ये वाजपेयींच्या दौऱ्यात तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचं आपण पुन्हा लेखी मान्य केलं. आधी देश हातचा जाऊ दिला आणि आता ‘आमचेच होऊन जा’ म्हणायचं? नागरिकत्व देणं हा प्रश्न मिटवून टाकण्याचा सोपा रस्ता आहे. म्हणून माझा विरोध.

देवदार

इतिहासवेडा, १९५४ बद्दल पूर्ण सहमत. पण २००३ च्या वेळी स्वतः दलाई लामासुद्धा स्वातंत्र्य मागत नव्हते. १९८८ च्या स्ट्रासबर्गच्या भाषणापासून त्यांची भूमिका चीनच्या चौकटीत खरी स्वायत्तता, म्हणजे ‘उमेलाम’, मध्यम मार्गाची आहे. ‘रांगझेन’, पूर्ण स्वातंत्र्य, मागणारे तरुण त्यावर नाराज आहेत, हे मी वर्गात रोज ऐकलं आहे. एकाच बाकावरची दोन मुलं यावरून भांडायची.

मला धास्ती पुढच्या काळाची आहे. १९९५ मध्ये दलाई लामांनी पंचेन लामा, म्हणजे त्यांच्या खालोखाल मानाचे धर्मगुरू, म्हणून सहा वर्षांच्या गेधुन चोएकी न्यिमाला ओळखलं आणि काही दिवसांत चीनने त्याला उचललं. आजवर तो दिसलेला नाही. दलाई लामांनी २ जुलै २०२५ ला सांगितलं की परंपरा चालू राहील आणि पुढचा अवतार ओळखण्याचा अधिकार त्यांच्या गादेन फोड्रांग न्यासाचाच. बीजिंग म्हणतं, मंजुरी आमची. तो दिवस येईल तेव्हा भारतातला तिबेटी समाज एकसंध हवा. आत्ता त्याला विखरू देऊ नका.

बांधावरचा

मीही त्याच तालुक्यातला. राग नाही कोणावर, पण आमच्याकडच्या भूमिहीनांना जमिनीसाठी किती वणवण करावी लागते ते कोणी लिहीत नाही. त्यांना जमीन मिळाली, आता मतही मिळणार. मग आमच्या गोंड-गोवारी कुटुंबांचे दावे कधी बघणार?

नवेगावकर

दादा, वनहक्काचे दावे रखडलेत, त्यासाठी मी तुमच्याबरोबर तहसीलला यायला तयार आहे. पण ते दावे तिबेटींनी अडवलेले नाहीत. मताचं म्हणाल तर १९८७ च्या आधी इथे जन्मलेल्यांची नावं मतदार यादीत घ्या, असं निवडणूक आयोगाने २०१४ मध्येच सांगितलंय.

गोठणगावची

हा धागा मला मैत्रिणीने पाठवला. मी कॅम्पातलीच, जन्म १९९२. मराठी कॉलेजात पक्की झाली, चुकलं तर सांभाळून घ्या.

आजीला आमच्यात मोमो-ला म्हणतात. माझी मोमो-ला ल्हासाहून आली आणि आधी हिमाचलात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. आम्ही इथे पाहुणे आहोत, पाहुण्याने घरात खिळा ठोकू नये, असं ती म्हणायची. खरंच आमच्या भिंतीला खिळा नव्हता. दलाई लामांचा फोटो फळीवर टेकवून ठेवलेला असायचा.

देवदार ताई, साक्षीदार असणं काय ते मला माहीत आहे. दर वर्षी आम्ही निर्वासित प्रशासनाला चात्रेल, म्हणजे स्वेच्छेची वर्गणी, भरतो, हिरव्या वहीत त्याची नोंद होते, त्याचा मला अभिमान आहे. पण साक्षीदाराला बँक गृहकर्ज देताना दहा वेळा विचार करते. आणि नवेगावकर दादा, नागरिकत्व मिळालं असतं तर माझा भाऊ थांबला असता असं नाही. तो बेल्जियमला गेला कारण स्वेटरच्या धंद्यात आता काही उरलं नाही.

तिकडे तिबेटात मुलांचं काय चाललंय ते बघा. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये सांगितलं की सुमारे दहा लाख तिबेटी मुलं चिनी निवासी शाळांत आहेत, शिक्षण चिनी भाषेत. माझी भाची इथे तिबेटीत वाचते, कारण कॅम्पात शाळा आहे. कॅम्प सोडावा लागेल असा कुठलाच कागद मला नको. कॅम्पात राहून मिळाला तर उद्या घेईन.

देवदार

ताई, तुमच्या घरात कोणाला घेता येईल?

गोठणगावची

माझे यजमान १९८४ चे, इथलाच जन्म. कायद्याने ते भारतीय, पण त्यांनी पासपोर्ट काढलेला नाही, आरसीच आहे. मी १९८७ नंतरची आणि आईवडील भारतीय नाहीत, म्हणून परदेशी. मुलगा २०१९ चा, त्याचे वडील भारतीय ठरतात म्हणून तोही भारतीय असं वकील म्हणाले. एका ताटात जेवणारी आम्ही तिघं.

गेल्या जूनमध्ये त्याचं नाव पहिलीत घातलं. फॉर्ममध्ये राष्ट्रीयत्वाचा रकाना होता. यजमान म्हणाले ‘तिबेटी’ लिही, मोमो-ला असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. मी ‘भारतीय’ लिहिलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पोराला पाटीवर क-ख-ग-ङ काढून दिलं, आधी तिबेटीत, मग खाली मराठीत.