क्रोशाचं ब्लँकेट वर अरुंद होत चाललंय, सगळं उसवू का?

लोकरवेडी_कोथरूड
बाळाचं ब्लँकेट विणतेय. साधी अ‍ॅक्रिलिक लोकर, ४ मिमीची सुई. १२० साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळीत खांब (उंच टाके) सुरू केले, म्हणजे वळणाच्या (ओळीच्या सुरुवातीला पहिल्या खांबाऐवजी येणाऱ्या) ३ साखळ्या धरून पहिल्या ओळीत ११८ खांब. आता ३५ ओळी झाल्यात. खाली रुंदी ७८ सेंमी, वर ६९. दोन्ही कडा आत येतायत. वरची ओळ मोजली तर १०४ खांबच भरले. पुढच्या ओळींत वाढवून सरळ करता येईल का? उसवायचंच असेल तर ती मॅगीसारखी झालेली लोकर परत वापरता येते का? मध्ये गुंडा बदलताना एक गाठही मारली आहे.

पेठेतली_सुई
दोन-तीन खांब कमी असते तर काठाच्या मुक्या खांबांत (बुटक्या टाक्यांत) खपून गेले असते. १४ नाही खपणार. एकदम वाढवलेत तर तिथे कड फुगेल आणि खालचा उतार तसाच राहील. उसवा, पण सगळं उसवायची घाई नको.

खांब बहुधा ओळीच्या शेवटी गळतोय. वळणाच्या ३ साखळ्या पहिला खांब म्हणून धरल्या, की ओळ संपवताना शेवटचा खांब खालच्या ओळीच्या वळणाच्या तिसऱ्या साखळीत घालावा लागतो. ती साखळी पीळ खाऊन कडेला मागे वळलेली असते, टाका आहे असं वाटतच नाही. दर ओळीला काम उलटतं, त्यामुळे या एकाच चुकीने दोन्ही कडा आत येतात.

पहिला खांब कुठे सुटला ते शोधायला सगळ्या ओळी मोजू नका. १८वी ओळ मोजा. ११८ भरले तर चूक त्याच्या वर, कमी भरले तर तिथे किंवा खाली. मग उरलेल्या भागाची मधली ओळ मोजा. पाच-सहा ओळींत जागा सापडते. शेवटच्या बरोबर ओळीपर्यंतच उसवा. पुढे विणताना वळणाची तिसरी साखळी घातली की लगेच तिच्यात सेफ्टी पिन अडकवायची.

उसवाउसवी
वर म्हटलंय ते बरोबर. फक्त उसवताना:

क्रोशात एकच टाका उघडा असतो, त्यामुळे दोन सुयांच्या विणकामासारखे टाके ओघळायची भीती नाही. पाहिजे तिथे थांबा, त्या फासात पिन घाला. पण उसवतं ते शेवटच्या टोकाकडूनच, सुरुवातीच्या साखळीकडून ओढत बसू नका.

उसवता उसवता लगेच गुंडाळत जा, जमिनीवर ढीग केलात की गुंता ठरलेला. गाठीपाशी हिसका देऊ नका, जाड सुईने गाठ सैल करा. सुटली नाही तर कापून टाका आणि पुन्हा जोडताना गाठ न मारता १५ सेंमी टोकं ठेवून नंतर सुईने आत ओवून घ्या. ब्लँकेटमध्ये बाळाला गाठ टोचते, आणि धुण्यात नेमकी तीच सुटते.

लोकरवेडी_कोथरूड
मोजलं. ७व्या ओळीपर्यंत ११८ आहेत, ८वीत ११७. कुरळ्या लोकरीवर इस्त्री फिरवू का?

लडी_आणि_गुंडा
अजिबात नको! इस्त्री टेकली की अ‍ॅक्रिलिक चपटं, चकचकीत होतं, आणि ते परत येत नाही.

खुर्चीच्या पाठीला सैल गुंडाळून लडी करा. चार ठिकाणी सुती दोऱ्याने इंग्रजी आठच्या आकारात बांधा, घट्ट आवळू नका. कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून अर्धा तास बुडवा, स्वच्छ पाण्यातून काढा आणि न पिळता टॉवेलमध्ये दाबा. वाळत घालायला लोखंडी तार नको, गंजाचा डाग जात नाही. सध्याच्या पावसाळी हवेत पुण्यात लडी आतून दमट राहते, तेव्हा पंख्याखाली टांगून मधूनमधून फिरवा. दमट गुंडा करून ठेवलात की कुबट वास येतो.

एवढ्यानेही वळ्या राहिल्या तर स्टीम इस्त्री ४-५ सेंमी लांब धरून फक्त वाफ द्या, तीही थोडी. जास्त वाफेने अ‍ॅक्रिलिक लुळं पडतं. खरी लोकर असेल तर पाण्यात चोळू नका, नमदा होतो, म्हणजे तंतू एकमेकांत अडकून घट्ट होतात.

उसवाउसवी
एक भर. लडी करायचा कंटाळा आला तरी कुरळी लोकर तशीच विणायला घेऊ नका. नव्या गुंड्यापेक्षा तिची वीण वेगळी बसते आणि ब्लँकेटवर पट्टा दिसतो. धुतलेली लोकर आणि नवा गुंडा दोन-दोन ओळी आलटूनपालटून वापरलात तर फरक कळत नाही. आणि तुळशीबागेत आणखी गुंडे आणायला जाल तेव्हा जुन्या गुंड्याचा कागद सोबत न्या, त्यावरचा लॉट नंबर (लोकर कुठल्या घाण्यात रंगवली तो नंबर) जुळवून घ्या. नुसता रंगाचा नंबर जुळला तरी छटा फिरते.