मदत हवी आहे : जुना पोर्टेबल टाइपरायटर, बहुधा लष्करातला

नमस्कार मंडळी. दापोलीजवळच्या आमच्या घरी माळ्यावर थोरल्या आजोबांचा टाइपरायटर सापडला. इम्पीरियल गुड कंपॅनियन, इंग्लंडातल्या लेस्टरचा. हे मॉडेल 1932 मध्ये बाजारात आलं. आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत कारकून होते, एवढंच घरात माहीत आहे.

पेटीच्या झाकणाला आतून एक खूण कोरलेली आहे : वर टोक असलेल्या तीन रेघा, कोंबडीच्या पावलासारख्या. ब्रिटिश सरकारी मालावर असा बाण असायचा. खाली पांढऱ्या रंगात आकडे आहेत, पण अर्धे पुसलेत. ते पलटणीचे असतील की स्टोअरचे? फौजेतून निवृत्त झालेलं कुणी असेल तर कृपया सांगा.

दुसरं म्हणजे दुरुस्ती. खाऱ्या हवेनं टाइपबार, म्हणजे अक्षर उमटवणाऱ्या दांड्या, गंजलेत, ‘र’ चा नव्हे, इंग्रजी ‘आर’ चा तर वर जाऊन तिथेच अडकतो. कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, ओढणारी पट्टीही तुटली आहे. रत्नागिरी, चिपळूण किंवा महाडकडे कोर्टाबाहेरच्या मशिनी दुरुस्त करणारा जुना कारागीर कुणाच्या ओळखीत आहे का? रंग मात्र अजिबात काढायचा नाही, त्या आकड्यांना धक्का लागता कामा नये. विकायचा नाही, भाव सांगू नका. तोवर गंजावर काय लावू, तेही सांगा.