मदत हवी आहे: मेघालयात घटपर्णी पाहायची आणि तिचे नीट फोटो काढायचे आहेत

पठारवाट

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शिलाँगला जातेय. चार दिवस मोकळे आहेत आणि ते सगळे घटपर्णीसाठीच ठेवलेत. नेपेंथिस खासियाना, म्हणजे भारतात रानात उगवणारी एकमेव घटपर्णी (पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या घटात किडे पकडणारी वेल), तिच्या मूळ जागी पाहायची आहे. कुंडीतली नको.

सामान: १०० मिमी मॅक्रो लेन्स, छोटा ट्रायपॉड, एक फ्लॅश, शिवाय मोबाइल. कासला दवबिंदू आणि सीतेची आसवे ही किडेखाऊ झाडं याच लेन्सने काढते, पण ती झाडं चिमुकली. इथे अख्खा वीतभर घट फोकसमध्ये कसा आणायचा ते कळत नाही.

अडलेल्या गोष्टी अशा: जराइनला जावं की बाघमाराला? सप्टेंबरअखेर म्हणजे उशीर होईल का? आणि माशी आत पडली की झाकण मिटतं, तो क्षण टिपायला साधारण किती वेळ बसावं लागतं?

ओली_माती

आधी शेवटचं, नाहीतर त्यापायी तुमचा अख्खा दिवस जाईल. झाकण मिटत नाही. कोवळा घट बंद असतो, पूर्ण वाढला की झाकण एकदाच उघडतं आणि मग घट वाळेपर्यंत तसंच राहतं. त्याचं काम छपराचं: पावसाने आतला पाचक रस पातळ होऊ नये म्हणून. खालच्या बाजूला मध असतो, त्यावर मुंग्या-माश्या येतात.

सापळा आहे तो तोंडाच्या काठावर. काठ जवळून पाहा, आत वळलेल्या बारीक समांतर रेघा दिसतील. पावसाने, दवाने किंवा मधाने काठ ओला झाला की त्यावर पाण्याचा पातळ थर पसरतो आणि किड्याचे पाय टेकतच नाहीत. कोरड्या दुपारी त्याच काठावर मुंग्या खुशाल फिरतात. म्हणून पडणारी मुंगी हवी असेल तर सकाळी दव असताना किंवा सर उघडल्यावर लगेच बसा. कडक उन्हात थांबून काही मिळणार नाही.

जागेबद्दल: शिलाँगहून जाणार असाल तर जराइनच. शिलाँग ते जोवाई साधारण ६५ किमी, तिथून अमलारेम-डावकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पश्चिम जैंतिया हिल्समध्ये जराइन लागतं. मुक्काम जोवाईत ठेवा. बाघमारा दक्षिण गारो हिल्समध्ये आहे. तिथे घटपर्णीसाठी राखलेलं छोटं अभयारण्य आहे, पण चार दिवसांतले दोन प्रवासातच जातील.

घनदाट जंगलात शोधू नका. हिला ऊन लागतं आणि माती निकस, आम्लधर्मी. गवताळ उतार, झुडपांच्या कडा, रस्त्यासाठी कापलेली दरड, अशा जागी नजर ठेवा. जमिनीत नायट्रोजन पुरेसा नाही म्हणून तर किडे धरते. खत घातलेल्या शेताच्या बांधावर ती दिसणार नाही.

सप्टेंबरअखेर उशीर मुळीच नाही. पावसाळाभर वाढलेले घट तेव्हा भरात असतात. पाऊस मात्र असेल, आणि जळवाही. पॅन्ट मोज्यात खोचा, मीठ किंवा तंबाखूची पुरचुंडी जवळ ठेवा.

भिंगातून

फोटोचं मी सांगतो. आधी कोणता घट समोर आहे ते ओळखा, कारण दोन प्रकारांची मांडणी वेगळी करावी लागते. जमिनीलगतचे घट बुटके, पोट सुटलेले, पुढच्या बाजूला दोन झालरी असलेले. वर चढलेल्या वेलीवरचे घट उंच, नसराळ्यासारखे, झालर जवळजवळ नसते आणि ताणा (पानाच्या टोकाचा, घट धरणारा तंतू) मागच्या बाजूने जोडलेला असतो. खालच्यांचा चेहरा समोरून चांगला दिसतो, वरच्यांचा बाजूने.

आता फोकस. १५ सेमीचा घट फुल फ्रेममध्ये थोडी मोकळी जागा सोडून बसवलात तर एफ ११ लाही जेमतेम दोन सेंटिमीटर खोली धारदार येते. घट चार-पाच सेंटिमीटर रुंद. एफ २२ वर जाऊन भागत नाही, सगळंच मऊ पडतं. दोन मार्ग आहेत. एक, कॅमेऱ्याची पाठ घटाच्या उभ्या रेषेला समांतर धरून बाजूने फोटो घ्या. घट बहुतेक थोडा कललेला असतो, तेवढाच कॅमेरा कलवा. हे एका फ्रेममध्ये जमतं. दुसरा, वरून तिरका, तोंडात डोकावणारा फोटो हवा असेल तर फोकस स्टॅकिंग: एफ ८, मॅन्युअल फोकस, काठाच्या जवळच्या टोकापासून मागे सरकत सहा ते आठ फ्रेम, त्या नंतर एकत्र जोडायच्या.

स्टॅकिंग फसतं ते वाऱ्याने. घट ताण्यावर लोंबकळत असतो, झुळुकीनेही हलतो. वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडून धरायला सोबतीण असू द्या. ताण्याला चिमटा लावू नका, कोवळा ताणा मुरगळला की घट वाळतो.

पोलरायझरने पानांवरची पांढरी चमक जाते, त्यासाठी एक-दीड स्टॉप प्रकाश सोडावा लागतो. पण पूर्ण फिरवू नका. काठाचा ओलेपणा चमकेतूनच कळतो, ती काढली तर काठ प्लॅस्टिकसारखा दिसतो. फ्लॅश डिफ्यूझरशिवाय वापरू नका, ओल्या काठावर पांढरे डाग जळतात.

एक फोटो मात्र नक्की घ्या: वरच्या, पातळ भिंतीच्या घटामागे छोटा एलईडी टॉर्च मंद करून धरा. आतल्या पाण्याची रेषा आणि तळाशी साचलेल्या किड्यांचा काळा थर बाहेरून दिसतो. वरचा मेणचट, निसरडा पट्टा कुठे संपतो आणि खालचा पाचक ग्रंथींचा भाग कुठे सुरू होतो, तेही ओळखू येतं.

पठारवाट

झाकणाचं चुकीचंच डोक्यात होतं, आभार! मोबाइलवर काय करू? आणि अतिनील टॉर्चखाली काठ निळा दिसतो म्हणतात, ते खरं का?

भिंगातून

मोबाइलचा आपोआप सुरू होणारा मॅक्रो बंद करा. तो अल्ट्रावाइड लेन्स वापरतो, मग तीन-चार सेंटिमीटरवर जावं लागतं आणि तुमचीच सावली घटात पडते. दोनपट किंवा तीनपट झूमने लांबून घ्या, काठावर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि एक्स्पोजर थोडं खाली ओढा.

निळं दिसतं हे खरं आहे. तिरुवनंतपुरमजवळच्या पालोडच्या जवाहरलाल नेहरू ट्रॉपिकल बोटॅनिक गार्डनमधल्या संशोधकांनी २०१३ साली ३६६ नॅनोमीटरच्या प्रकाशात घटाचा काठ निळा चमकतो हे दाखवलं. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचाच घ्या. बाजारात स्वस्त मिळणारा ३९५ वाला स्वतःच जांभळा उजेड टाकतो, तोच फोटोत निळा उतरतो आणि आपल्याला वाटतं झाड चमकलं. ट्रायपॉड, आयएसओ ८००, एफ ५.६, आठ-दहा सेकंदांपासून सुरुवात. उजेड डोळ्यांत जाऊ देऊ नका. तिकडे त्या सुमारास सूर्य सव्वापाचलाच मावळतो, सहाला मिट्ट काळोख. पुण्याच्या सवयीने बेत आखलात तर संध्याकाळचा प्रकाश हातचा जाईल.

कुंडीवाला

येताना एखादं रोप आणता येईल का? रस्त्यावर विकतात असं ऐकलंय.

ओली_माती

नाही. ही प्रजाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे आणि साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या) परिशिष्ट एकमध्येही. खाणकाम, रस्ते आणि रोपं उपटून नेणं यांनीच तिची ही अवस्था झाली आहे, त्यामुळे रस्त्यावरचं रोप विकतही घेऊ नका. घरी हवी असेल तर नर्सरीत लटकत्या कुंड्यांत मिळतात त्या बहुतेक संकरित जाती घ्या, त्या आपल्या हवेला जास्त सोसतात.

पठारवाट, अजून दोन-तीन गोष्टी. मेघालयात बहुतेक जमीन गावाची, कुळाची किंवा खाजगी असते, सरकारी नव्हे. उतारावर चढण्याआधी गावप्रमुखाला विचारा, गावातलाच वाटाड्या घ्या आणि अंधारात थांबणार असाल तर तेही आधी सांगा. रविवारी लोक चर्चमध्ये असतात, दुकानंही बंद, तो दिवस प्रवासाला ठेवा.

आत काय आहे ते पाहायला घट वाकवून पाणी सांडू नका. त्या पाण्यात पाचक रसासोबत डासांच्या अळ्यांसारखे जिवंत रहिवासीही असतात. बंद घट फोडून तर मुळीच पाहू नका. जमिनीलगतची रोपं गवतात लपलेली असतात, गुडघा टेकण्याआधी हाताने चाचपा. फोटो टाकताना मोबाइलमधलं लोकेशन काढून टाका, गावाचं नाव पुरे.

आणि एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढू नका, लेन्स धुकटते. बॅग बंदच ठेवून वीसेक मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या, सिलिका जेलच्या चार पुड्या आत. तेवढ्या वेळात वाटाड्याशी बोलणं होतंच.