सर आजारी पडले, आता टीम कोणाकडे? (अनुभव धागा)

तापीकाठ, भुसावळ

आमच्या मैदानावर वीस-बावीस वर्षं मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या सरांना दिवाळीनंतर लकवा आला. उजवा हात गेला, बोलणं जवळजवळ गेलं. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, मानधन नाही, काही नाही. चुन्याची गोणी स्वतः सायकलला बांधून आणायचे आणि पहाटे साडेपाचला शिट्टी. आता घरी आणलंय. घर मैदानासमोरच आहे.

बातमी आली त्या रात्री आमच्या ग्रुपवर पहिले दोन तास नुसते जोडलेले हात. मग कोणीतरी लिहिलं, 'स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय, टीम कोण बघणार?' तिथून जे सुरू झालं ते रात्री एकपर्यंत. तीन नावं आली, तीन गट पडले, दहा वर्षांपूर्वीची उणीदुणी निघाली. मीही एक नाव हिरिरीने लावून धरलं. सकाळी परत वाचत होतो तेव्हा लक्षात आलं, सरांचा मुलगाही त्या ग्रुपवर आहे. त्याने सगळं वाचलं होतं. उत्तर एका शब्दाचंही नाही.

तेव्हापासून मनाला चैन नाही. आपल्या खानदेशात परदेशी क्लबांसाठी रात्र-रात्र जागणारे बरेच आहेत. तुमच्या क्लबाचा मॅनेजर आजारी पडला तेव्हा तुम्हाला काय वाटलं, कोण यावं वाटलं, आणि आज मागे बघता काय वाटतं? घरचं, गावचं, काहीही लिहा.

लाल शर्ट, जळगाव

मी लिव्हरपूलवाला. १३ ऑक्टोबर २००१, लीड्सबरोबरच्या मॅचच्या मध्यंतरात जेरार हूलिए यांच्या छातीत दुखायला लागलं. महाधमनीचा आतला पदर फाटला होता. अकरा तासांचं ऑपरेशन झालं. त्याच वर्षी या माणसाने लीग कप, एफए कप आणि युएफा कप असे तीन कप आणले होते. मी तेव्हा बारावीत. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या, त्या कापून फिजिक्सच्या वहीत ठेवल्या.

फिल थॉम्पसन सहायक होते, त्यांनी पाच महिने टीम ओढली. १९ मार्च २००२ ला रोमाविरुद्ध दोन गोलांच्या फरकाने जिंकायचंच होतं, आणि त्या रात्री हूलिए परत येऊन उभे राहिले. गळ्याशी हाडं दिसत होती. २-० जिंकलो. लीगमध्ये ८० गुण घेऊन दुसरे आलो.

पुढच्या मोसमात नोव्हेंबरपर्यंत वर होतो, मग घसरत पाचवे. तेव्हा माझं मत ठाम होतं, की ते लवकर परतले, त्यांना घरी बसवायला हवं होतं. २००४ मध्ये ते क्लब सोडून गेले, राफा बेनितेझ आले. मे २००५ च्या इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलला इथे लोडशेडिंग. मित्राच्या वडिलांचा एमआयडीसीत चटईचा कारखाना, तिथे जनरेटर होता. चटयांच्या गुंडाळ्यांवर बसून आम्ही सात जणांनी ०-३ चे ३-३ होताना पाहिले. सकाळी टीमची यादी बघत बसलो तर पहिल्या अकरांत बेनितेझनी आणलेले फक्त दोघे, गार्सिया आणि अलोन्सो. बाकी सगळे हूलिए यांच्या हाताखालून गेलेले. 'घरी बसवा' असं मी ज्यांच्याबद्दल म्हणत होतो त्यांचीच ती पोरं. २०२० च्या डिसेंबरात हूलिए वारले तेव्हा वहीतलं कात्रण शोधलं. सापडलं नाही.

गिरणाकाठ, चाळीसगाव

लाल शर्ट दादा, तुमच्या हूलिएंची पुढची गोष्ट माझ्याकडे आहे, आणि ती मला आजही टोचते.

२०१०-११ ला मी एमएस्सीसाठी बर्मिंगहॅमला होतो. खोली ॲस्टनला, ॲस्टन व्हिला क्लबाच्या मैदानाच्या, व्हिला पार्कच्या इतकी जवळ की गोल झाला की खिडकीतून कळायचं. व्हिलाचे मॅनेजर मार्टिन ओ'नील ऑगस्टमध्ये अचानक सोडून गेले आणि सप्टेंबरात हूलिए आले. लोकांनी त्यांना कधी आपलं मानलंच नाही. डिसेंबरात ॲनफिल्डवर ३-० हरलो आणि त्यांनी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना हात केला. जुन्या घरच्या लोकांना केला, आता कळतं. तेव्हा नाही कळलं. मार्चमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध कपाच्या मॅचला अर्धी टीम बदलून उतरवली आणि हरलो. मैदानावर त्यांना जा म्हणून ओरडणाऱ्यांत मी होतो. घसा बसेपर्यंत ओरडलोय.

आणि २० एप्रिलला बातमी. छातीत दुखून दवाखान्यात.

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या लोकांना काय बोलावं ते सुचेना. काल ज्याला घालवायचं होतं तो आज मरणाच्या दारात, आणि हृदयाचं दुखणं जुनं होतं हे सगळ्यांना ठाऊक. शेजारी एक साठीतले गृहस्थ होते, लहानपणापासून व्हिलाचे. ते एवढंच म्हणाले, 'मला तो टीमवरून जायला हवा होता, असा नाही.' आणि दार लावून घेतलं.

दोनच आठवड्यांत मात्र नावं सुरू झाली. बेनितेझ मोकळे होते, चेल्सीने काढल्यावर आन्चेलोत्तीही मोकळे झाले, कोणाला विगनचे मार्तिनेझ हवे होते. मी बेनितेझवाला. इकडे सहायक गॅरी मॅकॲलिस्टर मुकाट्याने टीम चालवत होते. आर्सेनलला त्यांच्या घरी २-१ हरवलं, शेवटच्या दिवशी लिव्हरपूलला १-०, नववे आलो. त्यांचं नाव आमच्या यादीत कोणी घेतलं नाही.

१ जूनला हूलिए यांनी टीम सोडली. आणि आले कोण, तर ॲलेक्स मॅकलीश! पाच दिवस आधीपर्यंत शत्रू क्लबाचे, बर्मिंगहॅम सिटीचे मॅनेजर, ज्यांची टीम नुकतीच खालच्या लीगमध्ये गेलेली. लोक व्हिला पार्कच्या दारात निषेधाला जमले. पुढच्या मोसमात आम्ही सोळावे, कसेबसे वाचलो.

हे सगळं मी का लिहितोय? त्याच एप्रिलमध्ये आमच्या आप्पांची नाशिकला अँजिओप्लास्टी झाली. मला चार दिवसांनी सांगितलं. फोन लावला तर आयसीयूच्या बाहेर काकांचं आणि आतेभावाचं सुरू होतं, 'दुकानवर आते कोन बसी?' मी तिकडून चिडून काकांना खूप बोललो. फोन ठेवला आणि समोर लॅपटॉपवर माझंच अर्धवट लिहिलेलं उघडं होतं, बेनितेझच का हवेत त्याची कारणं.

आप्पा नंतर म्हणाले, 'पह्यले मी बरा व्हवाले जोयजे. दुकान काय पयी जाई ऱ्हायनं का?' (पळून चाललंय का?)

केळीबाग, रावेर

तापीकाठ दादा, बाकी राहू द्या. त्या मुलाला फोन केला का?

तापीकाठ, भुसावळ

नाही केला. हिंमत होत नाहीये.

पांढरी-काळी पट्टी, शिरपूर

न्यूकॅसलवाल्याकडून एक गोष्ट, कारण तुमच्या तीन नावांत एखादा 'मोठा' खेळाडू असणारच. २००९ च्या फेब्रुवारीत आमचे मॅनेजर जो किनियर यांच्या हृदयाचं दुखणं उफाळलं. सहायक ख्रिस ह्यूटन टीम बघत होते. पण लोकांना हवा होता आमचा जुना हिरो ॲलन शिअरर. मलाही. माझ्या भिंतीवर शिअररचं पोस्टर, त्याने टीम हातात घेतली की सगळं ठीक होणार अशी खात्री. १ एप्रिलला तो आला. आठ सामने, एक विजय, आणि २४ मे ला आम्ही खालच्या लीगमध्ये. शिअररचा दोष कमी, टीमच पोखरलेली होती. पण पुढच्या वर्षी तेच ह्यूटन, ज्यांच्याकडे कोणी वळून पाहिलं नव्हतं, १०२ गुणांनी टीम परत वर घेऊन आले. तुमच्या मैदानावर सरांच्या मागे शंकू लावणारा, पंपाने हवा भरणारा कोणी असेल ना? त्याचं नाव तिघांत आहे का बघा.

किरणताई, जळगाव

मी कॅन्सर विभागात नर्स आहे आणि बार्सिलोनावाली आहे. तितो विलानोवांना कानाखालच्या लाळग्रंथीचा कॅन्सर. २०११ च्या नोव्हेंबरात ऑपरेशन, २०१२ च्या उन्हाळ्यात ग्वार्डिओलांच्या जागी टीम हातात, आणि डिसेंबरात तो उलटला. ते उपचाराला न्यूयॉर्कला गेले, जोर्दी रौरा बाकावर उभे राहिले.

आमच्याकडे तंबाखूमुळे तोंडाचे पेशंट रोज येतात. रेडिएशन चालू असताना पाण्याचा घोट गिळायलाही माणूस घाबरतो, हे मी रोज बघते. त्या उपचारातून उठून ते एप्रिलमध्ये परत आले. बायर्नने दोन सामन्यांत मिळून ७-० हरवलं. त्या रात्री आमच्या ग्रुपवर 'कोच बदला' सुरू झालं. मी नाइट ड्यूटीवर होते, मोबाइल बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. त्याच महिन्यात त्यांनी लीग जिंकली, १०० गुणांनी. जुलैत त्यांना सोडावं लागलं, मार्तिनो आले. २५ एप्रिल २०१४ ला तितो गेले. पंचेचाळीस वर्षांचे होते.

नवा माणूस शोधावा लागतोच, मी त्याला वाईट म्हणत नाही. वॉर्डातसुद्धा एक पेशंट असताना दुसऱ्याच्या खाटेचा विचार करावा लागतो. पण तो विचार आम्ही त्याच्या खाटेशी उभं राहून बोलत नाही.

लोको कॉलनी, भुसावळ

माझं वय चौऱ्याहत्तर. नातू टाइप करून देतोय.

तुम्ही सगळे परदेशातलं सांगता, मी आपल्या रहीमसाहेबांचं सांगतो. सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, भारताच्या टीमचे कोच. १९५१ च्या एशियन गेम्सचं सोनं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर, सगळं त्यांच्या हाताखाली. १९६२ ला जकार्ताला गेले तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर अंगात होता. फायनलला कोरिया समोर, अख्खं स्टेडियम आपल्याविरुद्ध ओरडत होतं. जर्नैल सिंग बचावातला गडी, डोक्याला टाके पडलेले. त्याला साहेबांनी पुढे खेळवलं. त्याने एक मारला, एक पी. के. बॅनर्जींनी. २-१. पी. के. ईस्टर्न रेल्वेचे, म्हणून आमच्या कॉलनीत तो गोल घरच्या माणसाने मारल्यासारखा सांगितला जायचा. माझे वडील फायरमन होते, त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलाय.

जून १९६३ मध्ये साहेब गेले. त्यांच्या जागी माणसं आली, इंग्रज हॅरी राइट आले, १९६४ च्या एशियन कपात दुसरा नंबरही मिळाला. पण एशियाडचं सोनं आजतागायत परत आलेलं नाही. वडील म्हणायचे, साहेबांच्या डोक्यात होतं ते कागदावर कोणी उतरवून घेतलं नाही.

तुमच्या सरांना मी ओळखतो. लिहून घ्या, जेवढं मिळेल तेवढं.

पीटीच्या मॅडम, शहादा तालुका

आतापर्यंत सगळ्यांनी बाहेरून लिहिलंय. मी आजारी पडलेली कोच आहे.

आमच्या शाळेच्या मुलींची टीम मी उभी केली. पहिल्या वर्षी बूट नव्हते, अनवाणी खेळायच्या. पायाला सवय असली तरी दुपारचं मैदान तव्यासारखं तापतं, म्हणून सराव सकाळी. सतरा वर्षांखालच्या जिल्हा स्पर्धेच्या तोंडावर मला कावीळ झाली. डॉक्टरांनी सहा आठवडे झोपवलं. टीम कबड्डीच्या सरांकडे दिली. चांगले आहेत ते, माझी तक्रार नाही.

पहिला सामना मुलींनी जिंकला. कॅप्टनचा फोन आला, 'मॅडम, तुम्ही नव्हत्या तरी जिंकलो!' ती आनंदाने सांगत होती. मी शाब्बास म्हटलं, फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडले. आईला वाटलं पोटात दुखतंय.

मला जागा गेल्याचं दुःख नव्हतं. टीम कोणाकडे देऊ, हे मला कोणी विचारलंच नाही. कोणत्या मुलीला डाव्या बाजूला ठेवलं की ती गोंधळते, कोणाच्या घरी सकाळी खायला नसतं म्हणून तिला सरावाआधी चणे-गूळ द्यायचा, हे सगळं माझ्याकडे पडून होतं. एक माणूस वही घेऊन आला असता तर झोपल्या-झोपल्या तासभर बोलले असते. दुसऱ्या सामन्यात ती मुलगी डावीकडेच खेळली. हरलो.

तुमच्या सरांचं बोलणं गेलंय म्हणता, समज तर शाबूत आहे ना?

तापीकाठ, भुसावळ

सगळ्यांचं वाचलं. मॅडम, तुमचं दोनदा वाचलं आणि मुलाला फोन केला. माफी मागायला लागलो तर तो म्हणाला, 'दादा, मी बाबांना पूर्ण चॅट वाचून दाखवलं. तुम्ही घरी या.'

रविवारी गेलो. तिन्ही नावांचे तिघंही बरोबर होते. सरांची खाट खिडकीशी लावलीय, तिथून निम्मं मैदान दिसतं. आम्ही चौघं उभे. बोलायचं काय ते कोणालाच सुचेना. लोको कॉलनीच्या काकांनी सांगितलं म्हणून मी नवीन वही नेली होती, तीही हातातच राहिली.

सरांनी डाव्या हाताने उशीजवळचं हजेरीचं रजिस्टर ओढलं. मुलाने पान उघडून दिलं. बराच वेळ बोट फिरवून त्यांनी एका नावावर ठेवलं. चौदा वर्षांचा पोरगा आहे, वडील केळीच्या गाड्या भरतात. सरांनी खिडकीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो दहा-बारा दिवस मैदानावर आलेला नव्हता. ग्रुपवर दोनशे-अडीचशे मेसेज पडले, पण त्यात त्याचं नाव कुठेच नव्हतं. सर आजारी पडल्यापासून हजेरीच कोणी घेतली नव्हती.

संध्याकाळी तिघांपैकी दोघं त्याच्या घरी गेले. पायाला गळू झालं होतं, दवाखान्यात नेऊन आणलं. स्पर्धेला लाइनीवर कोण उभं राहणार ते अजून ठरलेलं नाही. आज पहाटे तिघंही आले होते. चुना मी आणला. सरांच्या मुलाने खिडकी उघडली आणि आतून हजेरीची नावं वाचायला सुरुवात केली.