बायोप्सीत ‘सोरायसिफॉर्म डर्मटायटिस’ (सोरायसिससारखा दिसणारा त्वचेचा दाह) आलंय, पुढे काय? (मदत हवी आहे)

नमस्कार. त्वचारोगतज्ज्ञ किंवा पॅथॉलॉजीवाले कुणी असतील तर कृपया सांगा.

आईच्या कोपरांवर लाल, जाड चट्टे आहेत. वरचा पापुद्रा चंदेरी, नखाने खरवडला की मेणासारखा भुगा पडतो. तळहातांवर मात्र भेगा आणि प्रचंड खाज. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत. बुरशीसाठीची केओएच तपासणी निगेटिव्ह. डॉक्टरांना सोरायसिसची शंका होती, म्हणून पंच बायोप्सी (त्वचेचा छोटा गोल तुकडा काढून तपासणी) केली; नमुना तळहाताचा घेतला.

रिपोर्टमध्ये एपिडर्मिस (त्वचेचा वरचा थर) जाड, पॅराकेरॅटोसिस (सर्वांत वरच्या थरातल्या पेशींत केंद्रक शिल्लक राहणं), थोडा स्पंजिओसिस (पेशींच्या मध्ये पाणी साचणं) असं लिहिलंय. मुनरो मायक्रोॲबसेस (सोरायसिसमध्ये दिसणारे पांढऱ्या पेशींचे बारीक पुंजके) दिसले नाहीत. शेवटी ‘सोरायसिफॉर्म डर्मटायटिस, क्लिनिकल माहितीशी ताडून पाहावे’. म्हणजे हे फक्त पेशींच्या रचनेचं वर्णन झालं, आजाराचं नाव नाही. तळहातावर सोरायसिस आणि एक्झिमा सूक्ष्मदर्शकाखालीही वेगळे ओळखणं अवघड असतं, हे वाचलंय. त्यात आई तिथे आधीपासून स्टिरॉइडचं मलम लावत होती, त्यानेही चित्र पुसट होतं म्हणे.

आता कोपरावरच्या, मलम न लावलेल्या चट्ट्याची बायोप्सी पुन्हा करून घ्यावी का? की नखं आणि कोपर पाहून निदान पुरेसं पक्कं होतं? तळहातांसाठी पॅच टेस्ट (कशाच्या स्पर्शाने ॲलर्जी होते ते पाहणारी चाचणी) करावी का?

आणखी एक, मला याचीच जास्त काळजी वाटते. सकाळी तिची बोटं आखडतात, बराच वेळ मूठ वळत नाही. सोरायसिससोबत सांध्यांचा आजारही होऊ शकतो ना, म्हणून. त्वचेचं निदान होईपर्यंत न थांबता संधिवाततज्ज्ञांना आत्ताच दाखवावं ना?