मदत हवी आहे: वेबॅकवरच्या जुन्या मराठी बातम्या वाचायच्या कशा?

मंडळी, मराठी विकिपीडियावरच्या एका लेखाचे संदर्भ तपासतोय. २००३-०४ च्या बातम्यांचे मूळ दुवे केव्हाच मेलेत. वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या संग्रहात) प्रती सापडल्या खऱ्या, पण सगळा युनिकोडच्या (कुठल्याही संगणकावर मराठी अक्षरं नीट दाखवणाऱ्या सामायिक मानकाच्या) आधीचा मामला! वर्तमानपत्राचा स्वतःचा फॉन्ट होता, तो काही जतन झालेला नाही. त्यामुळे तारीख आणि फोटो शाबूत, मथळ्याच्या जागी मात्र रोमन अक्षरांची आणि टिंबांची रांगोळी. पानाच्या सोर्समध्ये फॉन्टचं नाव दिसतं, फाइल मिळत नाही.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा भरवशाचा कन्व्हर्टर कुणी वापरलाय का? जोडाक्षरं आणि रफार न बिघडवणारा हवा. नवे दुवे मी वेबॅकच्याच 'सेव्ह पेज नाऊ' सोयीने लगेच साठवतो, अडलंय ते या जुन्यांपाशी.