डीटीपीचा जुना लॅपटॉप : एसएसडी बसवताना क्लोन करावे की विंडोज नव्याने टाकावी?

पत्रिकावाला, शिवाजी पेठ

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात माझे लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि हँडबिलांचे छोटे डीटीपी सेंटर आहे. २०१६ मध्ये घेतलेल्या लॅपटॉपवर (सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०) पेजमेकर, कोरलड्रॉ आणि श्रीलिपी (मराठी टायपिंग व फॉन्टचा प्रोग्राम) यांवर सगळे काम चालते. अलीकडे मशीन सुरू होऊन कामाला लागेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन येते, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते आणि मोठी फाईल उघडताना अधूनमधून आतून टक् टक् आवाज येतो. एका दुकानदाराने नवा लॅपटॉपच घेण्याचा सल्ला दिला, तर दुसरा ५०० जीबीची एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) घालून तासाभरात सगळे जसेच्या तसे क्लोन करून देतो म्हणाला. भरलेला डेटा साधारण ३०० जीबी आहे. तुळशीचे लग्न लागले की पत्रिकांची झुंबड उडते, त्यामुळे मशीन तेव्हा बंद राहून चालणार नाही. क्लोन करणे योग्य ठरेल का, एसएसडी कोणत्या प्रकारची घ्यावी, आणि जुनी डिस्क डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत (डिस्क धरणाऱ्या चौकटीत) बसवून तिच्यावर बॅकअप ठेवता येईल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उद्यमनगरकर

तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेग नसून तो टक् टक् आवाज आहे. केवळ संथपणा असता तर क्लोन करून मोकळे व्हा असे मी म्हटले असते, परंतु आवाज करणारी डिस्क निकामी होण्याच्या वाटेवर असू शकते, आणि क्लोन करताना तीच डिस्क सलग कित्येक तास वाचावी लागते. म्हणून आज दुसरे काही करण्याआधी पत्रिकांच्या फाईली एखाद्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची प्रकृती दाखवणारा मोफत प्रोग्राम चालवून ०५ आणि सी५ या दोन ओळींतील आकडे पाहा. ०५ म्हणजे बाद ठरवून बदली जागा दिलेले सेक्टर (डिस्कवरील डेटाचे छोटे कप्पे) आणि सी५ म्हणजे वाचता येत नसल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत ठेवलेले सेक्टर. सी५ शून्य नसेल, तर दुकानात होणारे साधे क्लोन मध्येच अडकण्याची किंवा खराब फाईली तशाच पुढे नेण्याची शक्यता असते. अशा वेळी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून डेटा उतरवणारा प्रोग्राम वापरावा, कारण तो आधी चांगला भाग उचलतो आणि अडणाऱ्या जागांकडे शेवटी वळतो.

नवा लॅपटॉप घेण्याची गरज मला दिसत नाही. लॅपटॉपमधील १ टीबी डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो लहान फाईली डिस्कच्या वेगवेगळ्या जागांवरून उचलाव्या लागत असल्याने हीच वाट पाहणे साचत जाते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्यामुळे तुमच्या प्रोसेसरवरही फरक लगेच जाणवेल.

तुमच्यासाठी २.५ इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कचीच जोडणी असलेली) एसएसडी हा सरळ मार्ग आहे. ती सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत वाचते आणि जुन्या डिस्कच्याच जागेत बसते. पट्टीसारख्या एसएसडीसाठीची एम.२ खाच असली तरी ती साटासाठी आहे की एनव्हीएमई या अधिक वेगवान जोडणीसाठी, हे मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय खरेदी करू नका, कारण दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्याच असतात.

जुना जुळारी

वरील सल्ला योग्य आहे, परंतु विंडोज नव्याने टाकायची वेळ आलीच तर डीटीपीवाल्यांची खरी अडचण फॉन्टची असते. श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड (सर्व मशीनवर सारखी अक्षरे दाखवणारी प्रमाण पद्धत) नसल्यामुळे, नेमका तोच फॉन्ट नव्या मशीनवर नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची भेळ दिसते, आणि मग दहा वर्षांच्या पत्रिकांचा साठा असून नसल्यासारखा होतो. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची प्रत घ्याच, शिवाय विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये एकाच वापरकर्त्यापुरते बसवलेले फॉन्ट त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये वेगळे जातात, तेही विसरू नका. हार्डवेअर लॉक (प्रोग्राम चालण्यासाठी मशीनला लावायची किल्ली) वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर आणि प्रोग्रामची मूळ सीडी आधी शोधून ठेवा. कोरलड्रॉचा परवाना जुन्या विंडोजवरून काढून घेता येत असेल, तर ते डिस्क चालू आहे तोवरच करा.

पत्रिकावाला, शिवाजी पेठ

दोघांचेही मनापासून आभार. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा इशारा आला असून सी५ शून्य नाही. फाईली आणि फॉन्ट उतरवून घेतले आहेत. श्रीलिपीची सीडीही माळ्यावर सापडली, त्यामुळे विंडोज नव्यानेच टाकतो. मशीन मी स्वतः उघडावे का? आणि कॅडीचे काय?

उद्यमनगरकर

हात स्थिर असेल तर अवश्य उघडा. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा आणि मागचे झाकण निघाल्यावर सर्वप्रथम बॅटरीचा कनेक्टर सोडवा. स्क्रू ज्या जागेचा त्या क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूला कीबोर्डजवळ फुगवटा येतो. जुन्या डिस्कभोवतीची पत्र्याची चौकट किंवा रबरी कड नव्या एसएसडीला लावायची असते, ती डिस्कबरोबर फेकून देऊ नका. जुनी डिस्क ९.५ मिमी जाडीची निघाली तर ७ मिमीची एसएसडी सैल बसते, तेव्हा तिच्याबरोबर आलेली प्लॅस्टिकची चौकट लावावी.

विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. त्यामुळे हे मशीन शक्यतो इंटरनेटविना चालवा आणि मेल, व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारा मजकूर दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या. पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसचा धोका त्याने टळत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

कॅडीचा विचार सोडा. सी५ वाढलेली डिस्क बॅकअपसाठी वापरणे म्हणजे बॅकअप नसणेच. एसएसडीवर तर पुसलेल्या फाईलींची जागा ट्रिम आदेशामुळे लवकरच साफ होते आणि त्या परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे बॅकअपची गरज आता वाढलीच आहे. एक नवी बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि काम संपल्यावर ती लॅपटॉपपासून काढून ठेवत जा. जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. लगीनसराई पार पडेपर्यंत ती तशीच कपाटात असू द्या, कारण राहून गेलेला एखादा फॉन्ट किंवा बॉर्डर तिच्यातच सापडेल.